दिनदर्शिकांचे गट : नाव बदलावे कसे?

वर्षारंभी भिंतीवर नवी दिनदर्शिका लावावी आणि जुनीची पाने वह्यांच्या कव्हरांसाठी काढून ठेवावीत, ही आपल्या घरांतील जुनी रीत. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले, तेव्हापासून तर पंचांग, सणवार आणि दुधाचा हिशेब ही तिन्ही कामे एकाच खिळ्यावर टांगली गेली. आता हीच दिनदर्शिका मोबाईलमध्ये जाऊन बसली आहे. पण तेथे जाताना एक फरक पडला. भिंतीवर ती एक होती; मोबाईलमध्ये तिच्या अनेक झाल्या. अनेक झाल्या म्हणून त्यांचे गट करावे लागले आणि गट केले म्हणून ते वेळोवेळी बदलण्याची गरज निर्माण झाली. हा बदल वेबवरील सेवेमार्फत, म्हणजे आज ज्याला वेब एपीआय म्हणतात त्याच्यामार्फत, कसा होतो आणि तो करताना काय सांभाळावे लागते, हे या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम गट म्हणजे काय ते पाहू. डिचोली तालुक्यातील एखादे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. वडिलांचे बाजारात दुकान आहे, मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पेडणे तालुक्यात मोरजीला मामांच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. दुकानाची दिनदर्शिका करांची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ तारीख, ३-बी साठी २० तारीख. शिवाय अग्रिम आयकराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. मुलीची दिनदर्शिका तासांची, चाचण्यांची आणि परीक्षांची. मामांची दिनदर्शिका कोणत्या खोलीत कोण कधी येणार याची. आणि सर्वांची मिळून एक : शिरगावच्या लईराईची जत्रा, नार्व्याची गोकुळाष्टमी, पेडण्याची कोजागिरीची पुनव, चतुर्थी, नाताळ.

इतक्या दिनदर्शिका एकाखाली एक दिसू लागल्या की गोंधळ होतो. म्हणून संगणकावर त्यांची मांडणी गटांत करतात. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ही सोय आहे. 'दुकान' या गटात जीएसटी आणि आयकर, 'कॉलेज' या गटात तास आणि परीक्षा, 'घर' या गटात सण आणि जत्रा, अशी ती मांडणी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही कल्पना नवी नाही. खातेवहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते वेगळे असते, पण ताळेबंदात ती सारी खाती 'विविध ऋणको' या एका शीर्षाखाली येतात. शीर्ष म्हणजे गट, खाते म्हणजे दिनदर्शिका आणि खात्यातील एकेक नोंद म्हणजे त्या दिवसाचा कार्यक्रम. या तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचे सारे विवेचन त्यांवर उभे आहे.

आता एपीआय. या अक्षरांचे पूर्ण रूप 'ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस' असे आहे. नाव मोठे असले तरी कल्पना बँकेच्या खिडकीची आहे. बँकेत आपण तिजोरीपर्यंत जात नाही. खिडकीशी उभे राहतो, ठरलेल्या नमुन्याची स्लिप भरतो आणि आत सारतो. आतील कर्मचारी सही पाहतो, खाते पाहतो, काम करतो आणि पावती देतो. स्लिप चुकली असेल तर कारण सांगून परत करतो. वेब एपीआय ही अशीच खिडकी आहे. फरक इतकाच की स्लिप भरणारा माणूस नसून दुसरा एखादा प्रोग्रॅम असतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या अशा खिडक्या नोव्हेंबर २०१५ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट ग्राफ' या नावाखाली एकत्र आणल्या. टपाल, दिनदर्शिका, संपर्क यांची कामे त्या एकाच पत्त्यावरून होतात.

कोणी विचारील, नाव बदलण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पडद्यावर बोटाने दाबले तरी ते काम होते. एका गटापुरते हे म्हणणे खरे आहे. पण एखाद्या कर सल्लागाराकडे चाळीस व्यापाऱ्यांचे काम असेल आणि प्रत्येकासाठी '२०२५-२६' असा गट असेल, तर १ एप्रिलला चाळीस ठिकाणी '२०२६-२७' असे लिहावे लागेल. किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयाला सर्व विद्यार्थ्यांच्या खात्यांतील 'द्वितीय वर्ष' हा गट 'तृतीय वर्ष' करायचा असेल. अशी कामे हाताने करू गेल्यास दोन-तीन ठिकाणी विसर पडणारच. प्रोग्रॅम हे काम न कंटाळता करतो. मात्र तो चुकला तर तीच चूक न कंटाळता चाळीस वेळा करतो. म्हणूनच स्लिप कशी भरायची हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

स्लिपवर पहिली गोष्ट असते क्रियापद. मागवायचे असेल तर 'गेट', नवीन करायचे असेल तर 'पोस्ट', काढून टाकायचे असेल तर 'डिलीट' आणि बदलायचे असेल तर 'पॅच'. पॅच म्हणजे ठिगळ. जेथे विरले तेवढ्याच जागी ठिगळ लावायचे, सदरा नवा शिवायचा नाही, हा त्यामागचा अर्थ. वेबच्या नियमांत 'पुट' नावाचे जुने क्रियापद होते आणि आजही आहे. त्यात संपूर्ण वस्तू नव्याने द्यावी लागते. जे दिले नाही ते रिकामे समजले जाण्याचा धोका असतो. 'पॅच'ला प्रमाण नियम म्हणून मान्यता मार्च २०१० मध्ये मिळाली. यात जे बदलायचे तेवढेच लिहायचे. उरलेले जसेच्या तसे राहते. खतावणीत चुकलेल्या रकमेची दुरुस्ती नोंद घालणे आणि अख्खे पान फाडून नवे लिहिणे, यांतला फरक ज्याला कळतो त्याला पॅच आणि पुट यांतला फरक वेगळा समजावून द्यायला नको.

स्लिपवरची दुसरी गोष्ट म्हणजे गट कोणता ते. येथे नवशिक्याचा सहज समज असा होतो की गटाचे नाव लिहिले म्हणजे झाले. तसे नाही. प्रत्येक गटाला सेवेने एक ओळख-क्रमांक दिलेला असतो. ती अक्षरांची आणि अंकांची लांबलचक माळ असते. माणसाला ती वाचून काही अर्थबोध होत नाही. पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने गट म्हणजे तो क्रमांक. नाव ही केवळ दारावरची पाटी.

असे का केले असावे, हे समजण्यासाठी आपल्या तालुक्यांकडेच पाहावे. आपण 'पेडणे' म्हणतो, इंग्रजी फलकावर 'पेर्नेम' असते. आपली 'डिचोली' तेथे 'बिचोलिम' होते. गाव तेच, शीव तीच, तळीही तीच. वर्षारंभाचा दिवसही पाहा. या नियतकालिकाच्या मराठी विभागात त्याला गुढीपाडवा म्हणतील, कन्नड विभागात युगादी म्हणतील. दोन्हीकडे अमान्त महिने असल्याने दिवस एकच. कोकणीत 'जात्रा', मराठीत 'जत्रा'. एका कान्याचा फरक, पण शब्द अक्षरशः ताडून पाहणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. नावावरून शोधणारा प्रोग्रॅम अशा ठिकाणी फसतो. क्रमांकावरून शोधणारा फसत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये १९९१ सालीच आल्या असल्याने गटाला कोणत्याही भाषेत नाव देता येते. उद्या 'जत्रा' या गटाचे नाव कन्नडमध्ये केले तरी त्याच्या आतल्या दिनदर्शिका आणि त्याचा ओळख-क्रमांक यांना धक्का लागत नाही.

तेव्हा कामाचा क्रम असा. आधी 'गेट' करून सर्व गटांची यादी मागवावी. सेवा प्रत्येक गटाचे नाव, ओळख-क्रमांक आणि आणखी दोन बाबी पाठवते. त्यांतली एक 'चेंज-की' नावाची खूण आहे, तिच्याकडे पुढे वळू. यादीतून हवा तो गट ओळखून त्याचा क्रमांक घ्यावा. मग त्या क्रमांकाच्या पत्त्यावर 'पॅच'ची स्लिप धाडावी आणि तीत नवे नाव तेवढे लिहावे. गटाच्या बाबतीत आपण बदलू शकतो अशी गोष्ट हीच : नाव. ओळख-क्रमांक किंवा चेंज-की आपल्या हातची नाही. काम झाले तर सेवा २०० हा अंक आणि त्यासोबत बदललेल्या गटाची नवी प्रत पाठवते. ही आपली पावती. ती वाचून, नवे नाव तिच्यात खरोखर आले आहे ना, हे तपासल्यावाचून काम संपले असे मानू नये.

काम झाले नाही तरी सेवा गप्प बसत नाही. ४०१ आले तर आपली ओळख पटलेली नाही. ४०३ आले तर ओळख पटली, पण अधिकार नाही. ४०४ आले तर त्या क्रमांकाची वस्तू तेथे नाही. ४२९ आले तर आपण फार घाईने फार स्लिपा सारल्या आहेत, थोडे थांबावे. चाळीस गटांचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमने हे अंक वाचले पाहिजेत. ते न वाचता 'सर्व झाले' असे सांगणारा प्रोग्रॅम हा पावत्या न पाहता हिशेब जुळवणाऱ्या कारकुनासारखा होय.

यातील ४०४ विषयी थोडे अधिक सांगतो. काही जण नाव बदलण्याऐवजी जुना गट काढून टाकतात आणि नव्या नावाचा दुसरा करतात. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. पण नव्या गटाला नवा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक ज्या ज्या ठिकाणी नोंदवून ठेवला असेल, तेथून येणाऱ्या प्रत्येक स्लिपेला आता ४०४ मिळणार. दुकानाची पाटी बदलल्याने उधारी बुडत नाही; दुकान बंद करून शेजारी दुसरे उघडले तर मात्र जुनी गिऱ्हाइके बंद दार पाहून परत जातात. मूळचा, म्हणजे सेवेने आरंभी दिलेला गट तर काढून टाकताच येत नाही.

आता त्या चेंज-कीकडे वळू. गटात काहीही बदल झाला की ही खूण बदलते. ती कशासाठी? समजा, एका कार्यालयात दोघांनी सकाळी एकाच गटाची प्रत मागवली. पहिल्याने दहा वाजता नाव बदलले. दुसऱ्याने आपल्या जुन्या प्रतीवरून अकरा वाजता पुन्हा बदलले. पहिल्याचे काम पुसले गेले आणि दोघांपैकी एकालाही ते कळले नाही. म्हणून बदलण्याआधी ताजी प्रत मागवावी, तिच्यातील खूण आपल्याजवळच्या खुणेशी ताडावी आणि ती वेगळी निघाली तर आधी काय बदलले ते पाहावे. वेबवरील अनेक सेवांत ही तपासणी सेवेकडेच सोपवता येते. खूण जुळली नाही तर सेवा ४१२ हा अंक देऊन बदल नाकारते. रोजकीर्दीची कालची शिल्लक आजच्या आरंभीच्या शिलकेशी जुळवून मगच लिहायला बसावे, तसेच हे आहे.

येथपर्यंत गटाची गोष्ट झाली. पण सुरुवातीला सांगितलेल्या तीन पायऱ्यांचे महत्त्व पुढेच आहे. गट ही आपल्या स्वतःच्या खात्यातील मांडणी असते. मी माझ्या गटाचे नाव काहीही ठेवले तरी तुमच्या मोबाईलवर त्याचा परिणाम होत नाही. दुसऱ्याशी वाटून घेतली जाते ती दिनदर्शिका, गट नव्हे. म्हणजे पहिल्या पायरीवरची चूक घरात राहते. तिसऱ्या पायरीवरची, म्हणजे वाटून घेतलेल्या दिनदर्शिकेतील नोंदीची चूक घरोघरी जाते. दोन्हींसाठी वापरायचे क्रियापद मात्र एकच : पॅच. हात कोणत्या पायरीवर आहे याचे भान म्हणूनच ठेवावे लागते.

शिरगावच्या जत्रेचे उदाहरण घेऊ. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. ही तिथी २०२३ साली २५ एप्रिलला, २०२४ साली १२ मे रोजी, २०२५ साली २ मे रोजी आली. २०२६ साली ती २१ एप्रिलला येते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. आणि २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे पुढच्या वर्षी ती एकदम सतरा दिवस पुढे गेली. आता खिडकीच्या नियमांकडे पाहा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कार्यक्रमासाठी मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये सहा प्रकार आहेत : रोज, दर आठवड्याला, महिन्याच्या ठरावीक तारखेला, महिन्याच्या ठरावीक वाराला, वर्षाच्या ठरावीक तारखेला आणि वर्षाच्या ठरावीक वाराला. यात तिथीला जागा नाही. जीएसटीची २० तारीख, अग्रिम कराची १५ तारीख, जुन्या गोव्याचे ३ डिसेंबरचे फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन या साऱ्या नोंदी एकदाच करून विसरून जाता येतात. लईराईची जत्रा तशी करता येत नाही. लोकश्रद्धा जिला लईराईची बहीण मानते त्या म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे फेस्तही ईस्टरच्या हिशेबाने येते, म्हणून तेही दरवर्षी सरकते. दोघी बहिणी 'दरवर्षी याच तारखेला' या चौकटीत मावत नाहीत!

अशा वेळी कोणी जत्रेची नोंद 'दरवर्षी' म्हणून करून ती वाटून घेतलेल्या दिनदर्शिकेत सोडली, तर फुलवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत ज्यांचा वर्षाचा मोठा धंदा त्या दोन-चार दिवसांवर असतो, त्यांच्या मोबाईलवर चुकीची तारीख जाऊन बसेल. होमखंडातून धोंड जातात ती वेळ मध्यरात्रीनंतरची असल्याने तारीख तर एकाच रात्रीत बदलते. शिवाय नोंदीसोबत भारतीय प्रमाणवेळ लिहिली नाही, तर आपल्याकडची मध्यरात्र ग्रीनिचच्या हिशेबाने आदल्या दिवशीची सायंकाळची साडेसहा ठरते आणि परदेशात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याला जत्रा एक दिवस आधी दिसण्याचा संभव राहतो. तिथी ठरवणे हे पंचांगाचे आणि देवस्थानचे काम. ती दरवर्षी हाताने भरणे हे माणसाचे काम. नोंद सर्वांपर्यंत पोचवणे एवढेच यंत्राचे काम.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अधिकाराचा. बँकेच्या स्लिपेवर सही लागते, तशी येथे परवानगी लागते. एखादा प्रोग्रॅम आपल्या वतीने गट बदलणार असेल, तर आपण त्याला आपला पासवर्ड देत नाही, देऊही नये. सेवा आपल्याला पडद्यावर विचारते, 'अमुक प्रोग्रॅमला अमुक परवानगी द्यावी काय?' आपण हो म्हटल्यावर त्या प्रोग्रॅमला एक तात्पुरती किल्ली मिळते. ही साधारण तासाभरात निकामी होते आणि मग नवी घ्यावी लागते. दिलेली परवानगी पुढे आपल्याला केव्हाही काढून घेता येते.

परंतु परवानगीचा आकार पाहून घ्यावा. गटाचे नाव बदलण्यासाठी 'कॅलेंडर्स रीड-राइट' नावाची परवानगी लागते. नावावरून वाटते, एका गटापुरती असेल. प्रत्यक्षात ती खात्यातील दिनदर्शिका वाचण्याची, त्यांत लिहिण्याची, बदलण्याची आणि काढून टाकण्याचीही परवानगी आहे. जत्रेच्या तारखा आपोआप भराव्यात म्हणून घेतलेल्या प्रोग्रॅमला त्याच किल्लीने आईची दवाखान्यातील तपासणीची वेळ दिसते, मामांच्या खोलीत कोण उतरले आहे ते दिसते, दुकानाची वसुली कोणत्या दिवशी आहे तेही दिसते. नुसत्या तारखा पाहायच्या असतील तर 'कॅलेंडर्स रीड' एवढी छोटी परवानगी पुरते. दुकानाच्या नोकराला गल्ल्याची किल्ली द्यायची की फक्त शटरची, याचा विचार आपण करतोच ना? मग 'अनुमती द्या' या बटणावर बोट ठेवताना तो विचार का सुटावा?

आपल्यापैकी अनेक जण उद्या बँकांत, कर सल्लागारांकडे, हॉटेलांत किंवा मोपाच्या विमानतळाभोवती उभ्या राहणाऱ्या व्यवसायांत नोकरीला जातील. तेथे असे प्रोग्रॅम लिहिणारा दुसरा कोणी असेल. पण ते कोणाच्या दिनदर्शिकेवर, कोणत्या परवानगीने आणि कोणत्या नोंदी बदलण्यासाठी चालवायचे, हे ठरवण्याच्या जागी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असणार आहे. त्याने चार प्रश्न विचारण्याची सवय आताच लावून घ्यावी. बदल कोणत्या पायरीवर होणार आहे? वस्तू नावावरून ओळखली की क्रमांकावरून? हातातील प्रत ताजी आहे काय? आणि किल्ली गरजेपेक्षा मोठी तर नाही ना? हे प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. चोख हिशेब ठेवणारा आपल्याकडचा प्रत्येक दुकानदार ते आपल्या वहीपुरते पिढ्यान् पिढ्या विचारत आला आहे. वही बदलली, एवढेच.